काळ्या मातीला बोल लावण्याआधी...

पावसाळा सुरू झाला की आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टींना हमखास शिव्या बसतात. एक म्हणजे मेसची मटकीची उसळ आणि दुसरी म्हणजे हॉस्टेल ते वर्कशॉप या वाटेवरचा चिखल. उसळीबद्दल मेस कमिटीने लिहावं, तो माझा विषय नाही. चिखलाबद्दल मात्र मला चार शब्द (खरं तर चारपेक्षा बरेच जास्त!) लिहायचे आहेत. कारण हल्ली आमची सिव्हिलची मुलंसुद्धा "इथली मातीच फालतू आहे यार" असं म्हणून मोकळी होतात. मेकॅनिकलवाल्यांनी म्हटलं तर एकवेळ चालेल, त्यांच्या लेखी जमीन म्हणजे मशीन ठेवायची जागा! पण ज्यांनी सॉइल मेकॅनिक्सचं अख्खं जर्नल भरून सह्या घेतल्या, त्यांनी असं बोलावं?

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या कॉलेजखालची माती हळू आहे. पाणी आत घ्यायला हळू आणि बाहेर सोडायला त्याहून हळू. या हळूपणाचा हिशेब न धरता आपण तिच्यावर रस्ते, भिंती, ऊस आणि आता नवीन पार्किंग लादतो, आणि काही बिघडलं की बोल तिलाच लावतो.

ही माती इथे आली कशी, ते आधी बघू. आपला हा सगळा परिसर कृष्णेच्या पूरमैदानात येतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट हजारो वर्षं झिजतो आहे, आणि कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा या नद्या तो झिजलेला माल घेऊन सपाटीवर उतरतात. पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम कमी होतो. मग जाड कण, म्हणजे वाळू आणि पोयटा, काठालगतच पडतात. त्यामुळे नदीचा काठ जरा उंच आणि चांगल्या निचऱ्याचा असतो. तीच ती मळीची जमीन, जिच्यावरची वांगी खाऊन इथली माणसं पुण्या-मुंबईच्या वांग्यांना नावं ठेवतात. बारीक चिकण मात्र पाण्याबरोबर आत सरकते आणि मागच्या सखल भागात, पाणी अगदी शांत झाल्यावर, खाली बसते.

किती वेळाने बसते? आपल्याला स्टोक्सचा नियम आहे ना! ०.०२ मिलिमीटरचा कण १० सेंटिमीटर खाली यायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतराला सुमारे आठ तास लागतात. व्यास दहावा हिस्सा, वेळ शंभर पट. म्हणून तर हायड्रोमीटर टेस्टचं शेवटचं रीडिंग चोवीस तासांनी घ्यायचं असतं. (कोण घेतं आणि कोण उतरवून काढतं, हे सरांना चांगलं माहीत आहे!) म्हणजे जिथे पाणी तासन्तास, दिवसन्दिवस हलत नाही, तिथेच ही माती जमते. निचरा वाईट असणं हा तिला मागाहून जडलेला आजार नव्हे. तो तिच्या जन्माचाच भाग आहे.

आता तिचा स्वभाव. काळ्या मातीतलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट गटातलं. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइट एक ग्रॅम घेतलं, तर त्याच्या पापुद्र्यांचा एकूण पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. जिमखान्याच्या भाषेत सांगायचं तर एका चिमटीत बॅडमिंटनची नऊ-दहा कोर्टं! एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटून बसतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात, म्हणजे माती फुगते. गंमत अशी की चिकणमातीत पोकळी वाळूपेक्षा जास्त असते. घनफळाच्या निम्मी जागासुद्धा पोकळ असू शकते. पण ती पोकळी इतक्या बारीक छिद्रांत वाटलेली असते की पाणी आत अडकून राहतं, वाहत नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं, जितकी पोकळी जास्त तितका निचरा चांगला. सरळ हिशेबाने तसंच वाटणार. पण हिशेबात किती पोकळी यापेक्षा केवढं छिद्र याला जास्त किंमत आहे.

उन्हाळ्यात हीच माती आकसते आणि तिला भेगा पडतात. मे महिन्यात ग्राउंडवरच्या भेगेत क्रिकेटचा बॉल गेला तर बाहेर काढायला स्टंप लागतो. वळवाचा पहिला पाऊस या भेगांतून सरळ खाली जातो. ग्राउंड कोरडंच दिसतं आणि सगळे म्हणतात, बघा, यंदा पाणी मुरतंय. मग माती खालून फुगत येते, भेगा मिटतात, आणि जुलैमध्ये त्याच ग्राउंडवर डबकं उभं राहतं. माती तीच, महिना वेगळा. जूनमध्ये बघून निर्णय घेणारा आणि जुलैमध्ये बघून निर्णय घेणारा, दोघांची उत्तरं उलटी येतील.

पाणी उभं राहिलं की आत काय होतं, हे आपल्या सिलॅबसमध्ये जवळजवळ नाहीच. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीतले जीवाणू उरलासुरला ऑक्सिजन लवकरच संपवतात, मग नायट्रेटवर येतात, मग लोहावर. म्हणून शेतकऱ्याने टाकलेल्या युरियातला बराचसा नायट्रोजन हवेत उडून जातो आणि पीक पिवळं पडतं. लोहाचं रूप बदललं की तांबूसपणा जाऊन खालच्या थराला करडी, निळसर छटा येते, आणि मुळांच्या वाटेने जिथे थोडी हवा पोचते तिथे तांबडे ठिपके राहतात. काळ्या रंगात हे लवकर दिसत नाही, डोळे ताणून बघावं लागतं. पण दिसलं, तर भर उन्हाळ्यात ऑगरने काढलेल्या मातीवरून पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत उभं राहतं ते सांगता येतं. एवढी फुकटची माहिती आपण साइट इन्व्हेस्टिगेशनच्या रिपोर्टमध्ये "ब्लॅकिश क्ले" असे दोन शब्द लिहून टाकून देतो.

इथे मला आपल्या बागेतल्या मामांबद्दल सांगायलाच हवं. गेल्या जुलैत लेडीज हॉस्टेलपुढचे वाफे खणायचे होते, आणि तीन दिवस पाऊस उघडला तरी मामा कुदळीला हात लावायला तयार नव्हते. मी विचारलं, "मामा, ऊन तर पडलंय, मग खणत का नाही तुम्ही?" तर म्हणाले, "अजून घात न्हाई आली, ताई. माती हाताला चिकटतीया तवर रानात शिरायचं न्हाई." आता मी पडले कॉन्व्हेंटची. मला घात म्हणजे विश्वासघात एवढाच ठाऊक! त्यांनी मूठभर माती उचलली, दोन तळव्यांत वळून बघितली, तिची वळी झाली तशी परत टाकून दिली. दोन दिवसांनी तीच माती वळताना तुटायला लागली, ढेकूळ पायाने दाबलं तर फुटायला लागलं, आणि मगच कुदळ निघाली. पुस्तकी मराठीत यालाच वाफसा म्हणतात. मातीत पुरेशी ओलही आहे आणि पुरेशी हवाही, अशी ती अवस्था.

मित्रांनो, ही आपली प्लॅस्टिक लिमिट टेस्टच नाही का? काचेवर माती वळायची, तीन मिलिमीटरच्या दोऱ्याला तडे गेले की ती प्लॅस्टिक लिमिट. नांगरटीला सगळ्यात चांगली ओल या लिमिटच्या किंचित खालची असते, हे शेतीशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. आम्ही ते ओव्हन, वजनकाटा आणि चोवीस तास लावून काढतो. मामा तळहातावर काढतात आणि, महत्त्वाचं म्हणजे, त्याप्रमाणे थांबतात. आपण आकडा काढतो, जर्नलमध्ये लिहितो, आणि साइटवर मात्र ओल्या मातीवरून डंपर घालतो. चिकटणारी काळी माती एकदा चाकाखाली मळली गेली की तिची होती नव्हती ती छिद्रंही बंद होतात. वाळली की वीट, भिजली की लोणी. पुढच्या वर्षीचा चिखल आपण या वर्षीच बनवून ठेवतो!

कोणी म्हणेल, हे शेतीचं झालं, बांधकामाचं काय? बांधकामवाल्यांनी या मातीपुढे हात टेकलेत असं मुळीच नाही. रुरकीच्या सी.बी.आर.आय.ने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल घराघरांत पोचवले. पाइलचं तळ फुगीर करून तो जिथे ओल फारशी बदलत नाही अशा खोलीवर, आपल्याकडे साधारण साडेतीन मीटरवर, रोवायचा. आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा, म्हणजे सी.एन.एस.चा, थर वर देऊन कालव्यांची अस्तरं वाचवण्याची पद्धत दिली. म्हणजे उपाय आहेत, आणि ते आपल्याच देशात, याच मातीसाठी शोधलेले आहेत.

तरी आपल्याकडे भेगा कुठे पडतात बघा. चार मजली मेन बिल्डिंगला नाही. सायकल स्टँडची भिंत, वॉचमनची केबिन, मेसचं मागचं स्टोअर, अशा हलक्याफुलक्या बांधकामांनाच पडतात. जड इमारत मातीचं फुगणं दाबून ठेवते, हलकी भिंत उचलली जाते. त्यातही स्टोअरच्या ज्या कोपऱ्यात बेसिनचं पाणी बाहेर सुटतं, तोच कोपरा उचललेला आहे. दुसऱ्या टोकाला मोठं झाड आहे, ते उन्हाळ्यात ओल शोषतं आणि तिथली माती बसते. एका भिंतीचं एक टोक वर, एक खाली, मग मधे तिरकी भेग नाही पडणार तर काय! तिथे दर वर्षी सिमेंट भरून रंग मारला जातो. बेसिनचा पाईप दहा फूट लांब नेला असता तर रंगाचा खर्च वाचला असता, असं माझं मत आहे.

ही गोष्ट कॉलेजच्या कंपाउंडपुरती नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी ऊस आहे. उपसा सिंचन आलं, नदीचं पाणी बारा महिने रानात आलं, घरं उभी राहिली, आपल्या फिया भरल्या गेल्या. त्या पाण्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही. पण पाणी आणणाऱ्या पाईपलाईनला जेवढा पैसा मिळाला, त्याच्या किती हिस्सा पाणी बाहेर काढणाऱ्या चरांना मिळाला? काळ्या रानात पाटाने भरपूर पाणी देत राहिलं की भूजल वर येतं. चिकणमातीतून ते आणखी वर चढतं, पृष्ठभागावर पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. मिरज, वाळवा, शिरोळ या बाजूला रस्त्यावरूनही पांढरी पडलेली रानं दिसतात. त्या क्षारात सोडियम वाढलं की चिकणीचे कण सुटे होऊन उरलीसुरली छिद्रंही बुजवतात आणि जमीन चोपण होते. जिप्सम टाका, असं सगळे सांगतात. बरोबर आहे, जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण हुसकावलेलं सोडियम जायचं कुठे? निचरा नसेल तर ते तिथेच! दार बंद ठेवून खोली झाडल्यासारखं.

उपाय इथेही झालेले आहेत. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आपल्यापासून लांब नाही. शिरोळला दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली आहेत. रचना ऐकायला साधी. मीटर-सव्वा मीटर खोल छिद्रांचे पाईप, त्यावर फिल्टर, ते मोठ्या पाईपला जोडायचे आणि तो नाल्याला सोडायचा. पण एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, कारण त्याच्या आणि नाल्याच्या मधे चार जणांची रानं असतात. पाईपचा उतार काढणं सोपं, चार भावकीतल्या माणसांच्या सह्या मिळवणं अवघड. या कामाचा हा अर्धा भाग कुठल्याच इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नाही.

आणि महापूर? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शहरात. दर वेळी चर्चा अलमट्टीवर जाते. ती जरूर व्हावी, त्यात दोन राज्यांचं पाणी अडकलेलं आहे. पण पूर ओसरल्यावरही सखल उपनगरांत पुढे कितीतरी दिवस पाणी उभं होतं, ते कुणाच्या धरणामुळे? ती जागाच पूर्वीपासून पाणी थांबण्याची आहे. तिथली चिकणमाती हेच त्याचं लेखी प्रमाणपत्र. आपण नाले बुजवून, भराव घालून, त्यावर प्लॉट पाडले. भराव घातलेला प्लॉट कोरडा राहतो हे खरं, पण त्याचं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. मग शेजारी आणखी दोन फूट भराव घालतो!

आता परत कंपाउंडच्या आत. हॉस्टेलमागच्या सखल पट्ट्यावर पार्किंग करायचं घाटतंय, असं ऐकते. योजना अशी की मुरूम टाकायचा आणि वर पेव्हर ब्लॉक बसवायचे. मुरमाशी माझं भांडण नाही. मुरूम चांगला माल आहे, थराथराने पाणी मारून रोलरने दाबला तर छान काम करतो. पण वर्कशॉपच्या वाटेवर गेली तीन वर्षं दर जूनला मुरूम पडतो आणि दर ऑक्टोबरला दिसेनासा होतो, तो जातो कुठे? खाली! ओल्या चिकणीवर तो नुसता पसरला की चाकांच्या दाबाने तो खाली रुतत जातो आणि चिकण त्याच्या फटींतून वर येते. मधे जिओटेक्स्टाइल किंवा निदान वाळूचा थर हवा, आणि बाजूला वाहता चर हवा. आपण सी.बी.आर.चा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग तपासतो. का? कारण रस्त्याखाली पाणी येणारच, असं धरलेलं असतं. मग पाणी बाहेर जायची वाट काढणं हा रस्त्याचाच भाग झाला.

जुन्या स्टाफला विचारलं तर ते सांगतात, कंपाउंडची भिंत होण्याआधी या पट्ट्यातून एक ओघळ वाहायची आणि पलीकडच्या नाल्याला मिळायची. भिंत बांधताना तिथे एक पाईपसुद्धा ठेवला नाही. आज भिंतीच्या आत तळं आणि बाहेर कोरडा नाला, हे दृश्य कुणीही जाऊन बघावं. माझ्या मते पार्किंगआधी तिथे भिंतीखालून एक मोरी काढावी.

यावर एक आक्षेप बरोबर आहे आणि तो मला आमच्याच सरांनी घेतला. महापुरात नाल्याची पातळीच वर येते, मग मोरीतून पाणी उलटं आत येईल. खरं आहे. त्यासाठी तोंडाला झडप बसवावी लागेल, आणि महापुराच्या त्या आठवड्यात काहीच चालणार नाही हे कबूल करावं लागेल. पण महापुराचा आठवडा दर वर्षी येत नाही. चिखलाचे चार महिने दर वर्षी येतात, आणि साचलेल्या डबक्यावरचे डासही. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यावर आकडे मांडल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही, आणि आकड्यांसाठी आधी मोजणी हवी.

ती मोजणी करायला आमच्या बॅचमधले सहा जण तयार आहेत. हॉस्टेलपासून भिंतीपर्यंत एका ओळीत तीन भोकं, प्रत्येकी दोन मीटर, त्यात जाळीचं टोक लावलेले पी.व्ही.सी. पाईप, आणि जून ते ऑक्टोबर आठवड्यातून दोनदा पाण्याची पातळी. या मातीत पाईपात पाणी चढायलाही दोन-तीन दिवस लागतील, तेव्हा पहिल्याच दिवशी रीडिंग घेऊन "पाणी नाही" असं कुणी जाहीर करू नये. ऑगर सॉइल लॅबमध्ये कपाटामागे पडून आहे. पाईपचे तुकडे हॉस्टेलच्या गच्चीवर आहेत. रेक्टर सरांची आणि विभागप्रमुखांची परवानगी तेवढी हवी, आणि तीही मार्चच्या आत. एप्रिलमध्ये ही माती अशी कडक होते की ऑगर फिरवणाऱ्याचे हात भरून येतात. भोकांच्या जागांचा नकाशा सिव्हिलच्या नोटीस बोर्डवर लावला आहे. मेकॅनिकलवाल्यांनीही यायला हरकत नाही, फक्त चप्पल जुनी घालून यावी.